बाबांचं मँडोलिन आणि पत्र्याचा आवाज

फोंडा तालुक्यातून आलेलं पत्र, थोडं आखडून:

"मी एका हायस्कुलात शिकवते. वडील मुंबईत नोकरीला असताना त्यांनी घेतलेलं मँडोलिन आता माझ्याकडे आहे. वरची फळी फुगीर, दोन्ही बाजूंना एफ आकाराची छिद्रं, घोडी दोन चाकांवर खालीवर होणारी. आमचा पाच जणांचा गट आहे: गायिका, पेटी, तबला, घुमट आणि मी. जत्रेतल्या कार्यक्रमात माझ्यापुढे माईक जवळ ठेवला की शिटी मारतो, लांब नेला की मी कोणालाच ऐकू येत नाही. म्हणून ओळखीच्या एका मुलाकडून घोडीजवळ पिकअपची चकती चिकटवून घेतली. शिटी बंद झाली, पण आवाज बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यावर तारा ताणल्यासारखा येतो. दुकानदार म्हणतो, बाजूला भोक पाडून गिटारची इक्वलायझरची डबी बसवू. भाऊ म्हणतो, सरळ इलेक्ट्रिक मँडोलिन घे. चवथीनंतर रवींद्र भवनात कार्यक्रम आहे. पिकअप कोणता घेऊ, प्रीॲम्प कोणता? बजेट बेताचं आहे. आणि बाबांच्या वाद्याला भोक पाडू का? ते गेल्यापासून त्याच्या तारासुद्धा मी बदललेल्या नाहीत."

ताई,

भोक पाडू नका. शेवटचा प्रश्न आधी घेतला, कारण बाकी चुका पैसे घालून निस्तरता येतात, ही येत नाही. पंचवीसेक वर्षांपूर्वी मी स्वतः हा उद्योग केला आहे. मावसभावाच्या मँडोलिनच्या कुशीत गिटारची चार बटणांची डबी बसवायला करवतीने चौकोन कापला. मँडोलिनची कूस गिटारच्या मानाने केवढी अरुंद! डबी आत गेली खरी, पण मागच्या फळीला टेकू लागली, वाद्याचा आवाज बसला आणि पहिल्याच पावसाळ्यात चौकोनाच्या कोपऱ्यातून चीर निघाली. मावसभाऊ अजून माझ्याशी बोलतो, त्या विषयावर सोडून.

आता पत्र्याच्या डब्याकडे येऊ. तुमच्या पत्रात एक गोष्ट राहिली: ती चकती मिक्सरला कशी जोडली? माझा अंदाज, साऊंडवाल्याने गिटारची केबल घेतली आणि सरळ मिक्सरच्या लाईनमध्ये खोचली. तसं असेल तर दोष चकतीचा नाही, तिच्यापुढे काय जोडलं त्याचा आहे. नवा पिकअप घेऊन तुम्ही तो त्याच भोकात खोचलात तर तोही तसाच पत्रा वाजवेल, फक्त महागडा.

तुमची चकती पिझो जातीची. तिच्यावर कंपनाचा ताण आला की ती वीज तयार करते, पण अगदी अशक्त. एप्रिल-मेमधली डोंगरातली झर आठवा. थेंब थेंब पाणी येतं. खाली घागर धरली तर हळूहळू का होईना, भरते. बुडाला भोक असलेली बादली धरली तर भरण्याआधीच गळून जाते. मिक्सरचं लाईन इनपुट ही ती भोकाची बादली. आणि गळती खालच्या सुरांना आधी लागते, कारण त्यांची कंपनं सावकाश. एक झोका पुरा होईपर्यंत चकतीवरची वीज निसटून गेलेली असते. वरचे सूर भराभर हलतात, त्यांना गळायला वेळच मिळत नाही. म्हणून उरतो तो नुसता किणकिणाट.

तुम्ही शिक्षिका आहात, तेव्हा आकडेही देतो. बाजारात मिळणाऱ्या सत्तावीस मिलिमीटरच्या साध्या पिझो चकतीची धारकता, म्हणजे वीज साठवायची ताकद, साधारण २० नॅनोफॅरड असते. मिक्सरच्या लाईन इनपुटचा रोध साधारण १० किलो-ओहम (रोध जितका कमी, तितकं बादलीचं भोक मोठं). दोन्ही सूत्रात घातले तर सुमारे ८०० हर्ट्झच्या खालचा आवाज उतरू लागतो. आणि मँडोलिनच्या मोकळ्या तारा किती? जी १९६, डी २९४, ए ४४०, ई ६५९. म्हणजे चारही जोड्यांचे मूळ सूर त्या रेषेच्या खाली! तुम्ही ऐकत होतात ते त्यांचे वरचे उपसूर. चुकून माईकच्या भोकात जोडलं असेल तर आणखी वाईट. तिथला रोध दीड-दोन किलो-ओहमच असतो, आणि उतरणीची रेषा ४००० च्या पुढे जाते. तीच चकती १ मेगा-ओहमच्या इनपुटला जोडा, रेषा थेट ८ हर्ट्झवर. सगळं वाद्य परत येतं.

म्हणून आधी एक फुकटची परीक्षा करा. गिटारच्या ॲम्पचं इनपुट सहसा १ मेगा-ओहमचं असतं, आणि गिटारचा ॲम्प एकाही घरात नाही असा वाडा गोव्यात शोधूनच काढावा लागेल. शेजाऱ्याकडून संध्याकाळपुरता आणा, तीनेक मीटरची चांगली केबल घ्या, बटणं मध्यावर ठेवा आणि वाजवा. बऱ्याच छोट्या मिक्सरांनाही एखाद्या चॅनेलवर 'हाय-झेड' असं लिहिलेलं बटण असतं. साऊंडवाले ते क्वचितच दाबतात. ते दाबूनही परीक्षा होईल. आवाज भरला तर पिकअपचा खर्च तूर्त वाचला, पैसे प्रीॲम्पवर, म्हणजे चकती आणि मिक्सरच्या मध्ये घागरीचं काम करणाऱ्या डब्यावर घाला. भरला पण टोचरा राहिला, तर चकतीची जागा बदलायची. भरलाच नाही, तर चकती चिरलेली आहे किंवा तिच्या तारांचं डाग लावणं (सोल्डरिंग) कच्चं आहे.

जागेबद्दल. चकती नेमकी कुठे आहे ते पत्रावरून कळत नाही. घोडीच्या पायाला अगदी लागून असेल तर आवाज कडक, घोडीपासून दोन-तीन सेंटीमीटर दूर नेली की मऊ, आणि फळीच्या कडेला गेली की पोकळ. हे कागदावर ठरत नाही. भिंतीवर चित्रं चिकटवायची जी पुटी मिळते तिच्या वाटाण्याएवढ्या गोळीने चकती लावा, वाजवा, सरकवा, पुन्हा वाजवा. जुन्या वार्निशवर आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात तिचा डाग पडतो का पाहा. जागा ठरली की पातळ दुहेरी टेप. बाहेरच्या वार्निशवर सुपरग्लू कधीच नको. त्या मुलाने आत्ता काय लावलं आहे तेही विचारा, आणि काढताना गरम हवा मारू नका, चकतीखालून दोरा सरकवत काढा.

प्रीॲम्पबाबत दुकानात गेल्यावर नाव नंतर विचारा, आधी चार गोष्टी विचारा. इनपुटचा रोध किती? मिक्सरला जाणारी वाट तीन पिनांची, बॅलन्स्ड (लांब केबलमध्ये गुणगुण न पकडणारी) आहे का? खालचा आवाज कापणारा लो-कट आहे का? फेज, म्हणजे ध्वनिलहर, उलटवायचं बटण आणि शिटीचा तेवढाच सूर कापणारा नॉच आहे का? रंग, रिव्हर्ब, कोरस, ट्यूनर हे सगळं नंतर. रिव्हर्ब तर देवळाचा सभामंडप तुम्हाला फुकट देतो, नको तितका.

चारांपैकी पहिल्या, रोधाच्या प्रश्नाचं तुमच्यापुरतं उत्तर: चकतीच ठेवणार असाल तर १ मेगा-ओहम पुरे. पुढे घोडीत बसणारा पिकअप घ्यायचा विचार असेल तर १० मेगा-ओहमची डबी घ्या. घोडीतल्या पिकअपची धारकता कमी, हजारेक पिकोफॅरड किंवा त्याहून खाली. १००० धरली तर १ मेगा-ओहमला उतरण १६० हर्ट्झपाशी येते, ५०० धरली तर ३२० पाशी, म्हणजे जी आणि डी दोन्ही पातळ. १० मेगा-ओहमला हा प्रश्नच उरत नाही. एल. आर. बॅग्जचा पॅरा डीआय (डीआय म्हणजे वाद्य मिक्सरला जोडणारा डबा) हा त्या जातीचा नावाजलेला डबा: १० मेगा-ओहम, नॉच, फेज, नऊ व्होल्टची बॅटरी किंवा मिक्सरकडून येणारी ४८ व्होल्टची फँटम वीज, दोन्हींवर चालतो. रेडियलच्या पीझेड-डीआयवर रोध बटणाने बदलता येतो. दोन्ही परदेशी माल, किंमत डॉलरबरोबर हलते, म्हणून इथे आकडा लिहीत नाही. बजेट बेताचं असेल तर जुना, वापरलेला डबा बघा. डबा वाद्यासारखा जुना होत नाही. बटणं फिरवून खरखर येत नाही ना, एवढं पाहायचं.

एक सूचना: साऊंडवाले "आमच्याकडे डीआय आहे" म्हणतील. तो ट्रान्सफॉर्मरवाला, बिनबॅटरीचा असेल तर त्याचं इनपुट साधारण दीडशे किलो-ओहमच्या घरात. कीबोर्डला उत्तम, तुमच्या चकतीलाही चालून जाईल, घोडीतल्या पिकअपला मात्र नाही.

आता पिकअपच बदलायची वेळ आली तर. तुमच्या मँडोलिनला दोन वाटा योग्य. एक, दोन छोट्या चकत्यांचा तयार संच, के अँड के वगैरे बनवतात तसा. फळीचा आवाज उचलतो, लाकडाचा स्वभाव राखतो, पण मोठ्या आवाजात फळीच बोलत असल्याने फीडबॅकला, म्हणजे त्या शिटीला, लवकर पोचतो. दुसरी, पिकअप आत बसवलेली नवी घोडी, उदाहरणार्थ फिशमनची एम-१००. थोडी रुक्ष, पण गर्दीत टिकणारी. घुमट आणि तबला शेजारी असलेल्या तुमच्या गटासाठी मी दुसरी वाट धरली असती. फक्त घोडीचे पाय तुमच्या फळीच्या फुगीरपणाला घासून बसवावे लागतात: फळीवर बारीक पॉलिश पेपर, खरखरीत बाजू वर, आणि त्यावर घोडी मागेपुढे, मध्ये एका केसाची फट राहणार नाही इतकी. हे काम व्हायोलिन दुरुस्त करणाऱ्याकडे द्या, आणि बाबांची मूळ घोडी कापसात गुंडाळून ठेवा. जॅकसाठी कुशीवर बाहेरून आवळून बसणारा क्लॅम्पचा जॅक मिळतो. भोक नाही.

दुकानदार कदाचित गिटारसारखा चुंबकाचा पिकअपही दाखवेल. त्याला फक्त पोलाद कळतं. तुमच्या ए आणि ई नुसत्या पोलादी, जी आणि डी वर ब्राँझचं वेटोळं. चुंबकाला त्यातली आतली तारच दिसते, म्हणून चार जोड्यांचा तोल बिघडतो. लाकूड तर त्याला ऐकूच येत नाही.

भावाचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. यू. श्रीनिवास यांनी मँडोलिनवरचं कर्नाटक संगीत इलेक्ट्रिक मँडोलिनवरच उभं केलं. पण त्यांचं वाद्य पाच एकेरी तारांचं होतं, गमकांसाठी घडवलेलं. तुमच्या भावगीतांना हवा आहे जोडतारांवर भराभर आघात करून येणारा ट्रेमोलो, आणि दोन तारा किंचित वेगळ्या बोलतात त्यातून येणारी थरथर. मँडोलिन वाजवणारे संगीतकार सज्जाद हुसेन ऐका. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले लक्ष्मीकांतही आधी मँडोलिनवालेच होते. तो आवाज पोकळ लाकडाचा आहे. इलेक्ट्रिकवर तुम्ही वेगळं काही वाजवाल, वाईट नाही, पण मग बाबांचं मँडोलिन कपाटावर चढेल.

माईक पूर्ण बाद करू नका. आवाजाचा खरेपणा अजून माईकच्याच हातात आहे. घरगुती बैठक, रेकॉर्डिंग, चवथीच्या आरतीनंतरची दोन गाणी, इथे साधा एसएम५७ सारखा माईक वितभर अंतरावर, मान जिथे धडाला मिळते त्या बाजूला रोखून ठेवा. एफ-छिद्रावर रोखलात तर घुमेल. अंतर निम्मं केलं की आवाज सहा डेसिबलने वाढतो, म्हणून वादक हलला की सगळं बिघडतं. वाद्याला चिमट्याने लावायचे छोटे माईक त्यासाठीच आले. पण तुमच्या रंगमंचावर पाच माणसं. उघडे माईक दुप्पट झाले की शिटी मारण्याआधीची मोकळीक तीन डेसिबलने घटते. आणि तुमच्या माईकला मँडोलिनपेक्षा घुमटच जास्त ऐकू येणार! मातीच्या भांड्यावर ताणलेलं ते कातडं जेव्हा 'धुम्म' करतं तेव्हा शेजारचा प्रत्येक माईक त्याचाच असतो. लाकडाला चिकटलेल्या पिकअपला घुमट जवळजवळ ऐकू येत नाही. तुमच्या बाबतीत पिकअपचा खरा फायदा हा आहे, शिटीपेक्षाही.

रवींद्र भवनात ध्वनिचाचणीला अर्धा तास मागून घ्या. 'सगळे आले की बघू' याला कबूल होऊ नका. मिक्सर प्रेक्षागृहाच्या मागे असतो, म्हणजे केबल लांबच लांब. मँडोलिनपासून डब्यापर्यंतची केबल तीन मीटरपेक्षा मोठी नको, पुढची सगळी वाट तीन पिनांची. लो-कट १५० हर्ट्झच्या आसपास: तुमचा सर्वांत खालचा सूर १९६, त्याखाली जे काही येतं ते पायाचा ठेका, हाताची थाप आणि रोषणाईच्या माळांची गुणगुण. मग आवाज हळूहळू वाढवायला सांगा. 'हूं' सुरू झालं की आधी फेजचं बटण दोन्हीकडे दाबून पाहा, जिकडे शांत तिकडे ठेवा. पुन्हा वाढवा, पुन्हा 'हूं' आलं की नॉच फिरवत जा. एका जागी तो गप्प होतो. तिथून पुढे बटणाला हात नाही. टोचरेपणा राहिला तर दीड ते तीन हजार हर्ट्झच्या पट्ट्यात थोडं खाली आणा. ट्रेबल वाढवू नका. मँडोलिनला ट्रेबल लागत नाही, लागते असं फक्त साऊंडवाल्याला वाटतं.

चकतीला हात लावला की गुणगुण कमी-जास्त होते का तेही चाचणीतच बघा. होत असेल तर बहुधा चकतीच्या दोन तारा उलट डागल्या आहेत: पितळी बाजू केबलच्या जाळीला जायला हवी. चकतीपासून जॅकपर्यंतची तारही साधी दोनपदरी नको, जाळीची हवी. हे पंधरा मिनिटांचं काम आहे, त्या मुलालाच सांगा. बाकी काम त्याने काही वाईट केलेलं नाही.

आपल्याकडच्या हवेचंही बघावं लागतं. पावसाळ्यात टेप सुटते, म्हणून चवथीआधी एकदा चकतीच्या कडा दाबून पाहा. जॅक आणि केबलच्या पिना खाऱ्या दमट हवेने काळ्या पडतात. खरखर आली की लोक प्रीॲम्पला दोष देतात, खरं तर पिन पुसायची असते. पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. डबा बॅटरीवर चालणारा असेल तर वाजवून झाल्यावर केबल काढून ठेवा, कारण बहुतेक डबे केबल खोचलेली असेपर्यंत चालूच राहतात. आणि केबल काढण्या-घालण्याआधी साऊंडवाल्याला हात वर करून चॅनेल बंद करायला लावा, नाहीतर सभागृहातले सगळे म्हातारे दचकून उठतील.

राहता राहिल्या तारा. बदला, ताई. गंजक्या तारेचा आवाज कोणत्याही डब्यातून गोड होत नाही, आणि जोडीतली एक तार जास्त झिजली की ती जोडी कधीच सुरात लागत नाही. तुम्ही नुसता प्रीॲम्प घेतलात आणि नव्या तारा चढवल्यात तरी निम्मं काम झालं. पण आठही एकदम सोडू नका. तुमची घोडी चिकटवलेली नाही, फक्त तारांच्या दाबाने उभी आहे. तारा निघाल्या की ती निसटेल आणि तिची जागा हरवेल. आधी घोडीच्या पायांभोवती वार्निशला न ओरखडणारी कागदी टेप लावून जागा खूण करून घ्या. मग एक जोडी काढा, नवी चढवा, अर्धवट ताणा, मग पुढची. शेवटी बाराव्या पडद्यावर बोट हलकं टेकवून येणारा सूर आणि त्याच पडद्यावर दाबून येणारा सूर जुळतात का बघा. दाबलेला चढा आला तर घोडी तारदाणीकडे केसभर सरकवा, उतरला तर मानेकडे. उतरवलेल्या तारा ठेवायच्या असतील तर गुंडाळून, बाबांचं नाव लिहून पाकिटात ठेवा.